चालवून घेणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

जुनं यंत्र दुरुस्त करावं की नवं घ्यावं, हा प्रश्न आपल्या लिखाणात सहसा येत नाही. तो हार्डवेअरच्या दुकानात सुटतो, असं आपण धरून चालतो. पण गेल्या दोन महिन्यांत आमच्या चेंबूरच्या वस्तीत एका हॅमर मशीनवरून तीन बैठका झाल्या, आवाज चढले, एक जण रागाने उठून गेला आणि दहा मिनिटांनी परत आला. त्या वादात श्रम, जात, पैसा आणि माणसाच्या जिवाची किंमत हे सगळं एकाच टेबलावर आलं. म्हणून हा लेख.

आधी यंत्राची ओळख करून देते. वाचनालयाच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाशेजारी आम्ही हत्यारांचं एक कपाट चालवतो. 2016 मध्ये लोकांनी वर्गणी काढून 26 मिलिमीटरचं, 800 वॅटचं एक हॅमर मशीन घेतलं. प्लंबिंग, वायरिंग, एसी फिटिंगची कामं करणारी पोरं ते सकाळी नेतात, संध्याकाळी आणून देतात, वहीत सही करतात. बाहेर असं मशीन भाड्याने घ्यायचं तर आमच्या भागात दिवसाला तीनशे रुपये जातात. नाक्यावर उभं राहून काम मिळवणाऱ्याला हे तीनशे म्हणजे संध्याकाळचा बाजार. वही सांगते की वर्षाला साधारण 140 दिवस हे मशीन कुणा ना कुणाच्या हातात असतं.

या पावसाळ्यानंतर ते थकल्याची लक्षणं दिसू लागली. मागच्या जाळीतून ठिणग्या दिसायच्या. जळका वास यायचा. ठोका कमी झाला होता, त्यामुळे काँक्रीटमध्ये एक भोक पाडायला दुप्पट वेळ लागायचा. केबल मुठीपाशी तडकली होती, तिच्यावर काळ्या टेपचे चार थर होते. मग एक दिवस शिडीवर उभं राहून काम करणाऱ्या मुलाच्या हाताला झिणझिण्या आल्या. त्याने ठेकेदाराला सांगितलं. ठेकेदार म्हणाला, ‘रबरी चप्पल घालून चालव.’ मुलाने काम पूर्ण केलं, मशीन परत आणलं आणि वहीत सहीसमोर लिहिलं, ‘करंट मारतो.’ हे दोन शब्द वाचून आम्ही बैठक बोलावली.

बैठकीत पहिलं मत वस्तीतल्या एका काकांचं. तीस वर्षं वायरमनचं काम केलेला माणूस. ते म्हणाले, ‘कार्बन बदला, टेप मारा, अजून दोन वर्षं चालेल. आम्ही याहून वाईट मशीनवर अख्ख्या बिल्डिंगी उभ्या केल्यात.’ दुसरं मत पंचविशीतल्या एका कार्यकर्त्याचं. त्याचा आवाज चढला. ‘किती पिढ्या आपण जुनंच चालवून घ्यायचं? फुटकं आपल्याला आणि नवं दुसऱ्याला, हेच आपण आपल्या हाताने पुढे न्यायचं का? वर्गणी काढा, नवं आणा.’ तिसरं मत आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकणाऱ्या एका मुलीचं होतं आणि ते एकाच वाक्याचं होतं. ‘ताई, आधी उघडून तर बघू.’

त्या तरुणाचा राग मला मोडीत काढता येत नाही. तो इतिहासातून आलेला आहे. मनुस्मृतीने चांडाळांसाठी काय नेमून दिलं होतं? अंगावर प्रेताचे कपडे, जेवायला फुटकी भांडी, दागिना घालायचा तर लोखंडाचा. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला. त्याच वर्षी मार्चमधल्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टे तुकडे सोडा, असं आपल्या लोकांना बजावलं होतं. म्हणजे दुसऱ्याने टाकलेलं नाकारणं ही आपल्याकडे स्वाभिमानाची पहिली पायरी होती. आज शहरातली सुखवस्तू माणसं ‘कमी वस्तूंत जगा, जुनं वापरा’ असं सांगतात तेव्हा त्यांचा हेतू चांगला असेलही. पण ज्यांच्यावर जुनं लादलं गेलं आणि ज्यांनी ते हौसेने निवडलं, त्या दोघांच्या अंगावरचा जुना सदरा सारखा दिसला तरी त्याचा अर्थ सारखा नसतो. समाजशास्त्राच्या वर्गात उपभोगावर पुष्कळ वाचलं. निवड आणि नाइलाज यांतला फरक मात्र नोंदवहीतल्या त्या दोन शब्दांनी जास्त नीट शिकवला.

तरीही ‘नवं आणा’ हे उत्तर मला अपुरं वाटलं. कारण यंत्राशी आपलं नातं फक्त ते विकत घेण्यापुरतं ठेवलं, तर आपण अर्धीच लढाई लढतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी चांगली होती. तिथे अस्पृश्य कामगारांना शिरकाव नव्हता. का? धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि आपल्या तोंडाने तो धागा ‘विटाळेल’ म्हणून. 1928 च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. यंत्राला जात नव्हती, पण यंत्रापर्यंत जाणाऱ्या वाटेवर जातीचा पहारा होता.

आणि तरी बाबासाहेबांनी यंत्राला शत्रू मानलं नाही. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं, याची झडती घेणारा त्यांचा ग्रंथ 1945 मध्ये आला. त्यात गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्राची बाजू मांडली. त्यांच्या मांडणीचा सारांश असा : दोष यंत्राचा नाही, त्याचा लाभ मूठभरांच्या घशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे. जनावरासारख्या कष्टांतून सुटका झाली तरच माणसाला फुरसत मिळते, आणि फुरसत मिळाली तरच त्याला बुद्धी आणि संस्कृती यांच्याकडे वळता येतं. छिन्नी-हातोडीने तासभर ठोकून जे भोक पडतं ते हॅमर मशीन एक-दोन मिनिटांत पाडतं. उरलेला वेळ, उरलेला दम, न सुजलेलं मनगट ही त्या पोराची कमाई आहे. पण ज्या यंत्राने कष्ट कमी करायचे तेच जर करंट मारू लागलं, तर या मांडणीतला लाभ कुठे गेला? तो ठेकेदाराच्या खिशात गेला आणि धोका शिडीवरच्या मुलाकडे राहिला.

म्हणून आम्ही त्या मुलीचं ऐकलं. रविवारी दुपारी वाचनालयाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मशीन उघडलं. सात-आठ पोरं भोवती. जे दिसलं ते सविस्तर लिहिते, कारण निर्णय त्यावरच झाला आणि तुमच्याकडेही असं मशीन असेल.

या मशीनमध्ये युनिव्हर्सल मोटर असते. मधोमध फिरणारं आर्मेचर, त्याच्या बाहेर न फिरणारी फील्ड कॉइल. आर्मेचरच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं कडं असतं आणि त्यावर दोन बाजूंनी दोन कार्बन टेकलेले असतात. कार्बन हे झिजण्यासाठीच असतात, पेन्सिलीच्या शिशासारखे. आमचे झिजून चार मिलिमीटरवर आले होते. ठिणग्यांचं कारण एवढंच असतं तर काम शंभर-सव्वाशे रुपयांत भागलं असतं. पण तांब्याच्या कड्यावर शेजारशेजारच्या दोन पट्ट्या काळ्या पडलेल्या होत्या. म्हणजे आर्मेचरचं वाइंडिंग आतून जळायला लागलं होतं. पुढचं बेअरिंग खडखडत होतं. ठोका देणाऱ्या दट्ट्यावरची रबरी ओ-रिंग कडक झाली होती, म्हणून हवा दाबली जात नव्हती आणि ठोका बसत नव्हता. ट्रिगर दाबला की अडकून राहत होता. जमेच्या बाजूला फील्ड कॉइल शाबूत, गिअर शाबूत, बॉडीला कुठेही चीर नाही.

मग काका घरी गेले आणि पेटीतून मेगर घेऊन आले. मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासण्याचं उपकरण. ते 500 व्होल्टचा दाब देऊन बघतं की वीज आतून बाहेरच्या भागांपर्यंत झिरपते का. या मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे. म्हणजे दुहेरी इन्सुलेशन. अशा मशीनला अर्थिंगची तार नसते, दोनच पिना असतात. तिथे माणसाचं रक्षण इन्सुलेशनच करतं, दुसरं काही नाही. आमचं रीडिंग अर्धा मेगाओहमसुद्धा आलं नाही. आत सिमेंटची धूळ आणि कार्बनची भुकटी यांचा ओलसर थर बसला होता. त्यातून आणि तडकलेल्या केबलमधून वीज हातापर्यंत येत होती. काका बराच वेळ त्या काट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘टेप मारून भागणार नाही.’ रबरी चप्पल हा उपाय नव्हता, हे आता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आकड्यात होतं.

यानंतर पैशाचा हिशेब. मी आणि ती मुलगी मस्जिद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटला गेलो. आर्मेचर 1050, कार्बनची जोडी 120, दोन बेअरिंग 260, ओ-रिंगचा सेट आणि ग्रीस 230, रबरी केबल 280, स्विच 310, मिस्त्रीची मजुरी 450. एकूण 2700 रुपये. त्याच ताकदीचं नामांकित कंपनीचं नवं मशीन 7400 ला. बिननावाचं स्वस्त मशीन 3200 ला. आर्मेचर रिवाइंड करून घेतलं असतं तर थोडे पैसे वाचले असते. पण ते मिनिटाला हजारो फेरे फिरतं, त्यामुळे वाइंडिंग आणि तोल जरा चुकला तरी बेअरिंग खातं. पाण्याच्या पंपाची मोटर रिवाइंड करणं परवडतं. एवढ्या छोट्या मोटरला नवं आर्मेचरच बरं, असं दुकानातल्या मिस्त्रीनेच सांगितलं.

हिशेब आम्ही किमतीवर केला नाही, कामाच्या दिवसावर केला. दुरुस्त केलेलं मशीन दोन वर्षं चाललं असं धरलं तर 280 दिवस, म्हणजे दिवसाला साडेनऊ-दहा रुपये. नवं चांगलं मशीन पाच वर्षं धरलं तर 700 दिवस, दिवसाला साडेदहा रुपये. स्वस्त मशीन आमच्याकडच्या वापराला वर्षभर टिकलं तरी नशीब, म्हणजे दिवसाला जवळजवळ तेवीस रुपये. सगळ्यात कमी किमतीची वस्तू सगळ्यात महाग पडते, आणि हातात कमी पैसे असणाऱ्यालाच ती घ्यावी लागते. गरिबी महाग असते ती अशी. पण दुरुस्ती आणि चांगलं नवं मशीन यांत दिवसामागे एका रुपयाचासुद्धा फरक नव्हता. तेव्हा पैशाने हा प्रश्न सुटत नव्हता.

एका पोराने विचारलं, सरकारी योजनेतून नवं मिळणार नाही का? विचारायलाच हवं होतं. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत हत्यारांच्या संचासाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत आहे. पण ती 18 ठरावीक व्यवसायांना आहे, कुटुंबात चालत आलेल्या हस्तकौशल्याचे व्यवसाय. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, धोबी, गवंडी अशी ती यादी आहे. तमिळनाडू सरकारने 2024 मध्ये ही योजना आहे त्या रूपात राबवायला नकार दिला तो याच कारणाने, की ती बापाचा धंदा मुलाच्या गळ्यात घालते. आमची पोरं प्लंबर, एसी मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन. बापाचा धंदा सोडून जे नवं काम शिकले, त्यांचं काम या यादीत नाही. हॅमर मशीनला कुटुंबाची परंपरा कुठून आणायची? बांधकामावर काम करणाऱ्यांनी वर्षातल्या 90 दिवसांच्या कामाचा दाखला मिळवून बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी मात्र जरूर करावी. बांधकाम खर्चावरच्या एक टक्का उपकरातून ते मंडळ चालतं, तो पैसा कामगारांचा आहे.

नव्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट कुणी बोललं नव्हतं. जुनं जातं कुठे? आम्ही देवनारच्या डम्पिंगपासून फार लांब राहत नाही. तांब्यासाठी केबल जाळल्याचा धूर आमच्या ओळखीचा आहे. तो विषारी असतो, आणि जाळणारे हात आपल्यासारख्याच वस्त्यांतले असतात. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत ड्रिल, करवत अशी विजेवरची हत्यारंही येतात. ती अधिकृत पुनर्वापर केंद्रात गेली पाहिजेत. प्रत्यक्षात ती भंगारवाल्याच्या गाडीवर जातात. म्हणून नवं कधीच घेऊ नये, असं मी म्हणत नाही. नव्याची किंमत मांडताना हा धूर हिशेबात धरावा, एवढंच.

तिसऱ्या बैठकीत निर्णय झाला. दुरुस्ती करायची, पण पूर्ण. आर्मेचर, कार्बन, बेअरिंग, ओ-रिंग, स्विच, केबल सगळं नवं. अर्धं आज, अर्धं पुढच्या महिन्यात असं नाही. मिस्त्रीने काम केलं तेव्हा आमची दोन मुलं आणि ती मुलगी त्याच्या शेजारी बसून बघत होती, ही आमची अट होती. परत आल्यावर काकांनी पुन्हा मेगर लावला. रीडिंग वीस मेगाओहमच्या वर. तेव्हाच वहीतला ‘करंट मारतो’ हा शेरा बंद केला. शिवाय 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला एक एक्स्टेन्शन बोर्ड केला. मशीनबरोबर तोही न्यायचाच. मशीन जुनं असो की नवं, गळती झाली तर सप्लाय क्षणात तुटला पाहिजे. रागावून उठून गेलेला कार्यकर्ता तोच. बोर्डाचे पैसे त्यानेच गोळा केले.

आता कपाटाच्या दारावर आतून नियम चिकटवले आहेत. दर तीन महिन्यांनी मशीन उघडून धूळ साफ करायची, कार्बन मोजायचे. रीडिंग दोन मेगाओहमच्या खाली गेलं, केबल उघडी पडली किंवा ट्रिगर अडकला तर त्या दिवशी मशीन कुणालाही मिळणार नाही, काम कितीही अडलेलं असो. फील्ड कॉइल जळली, गिअर तुटला किंवा बॉडीला चीर गेली तर दुरुस्ती नाही, नवं घ्यायचं. आणि प्रत्येक नेणाऱ्याने दिवसाला वीस रुपये घसाऱ्याचे टाकायचे. वर्षाचे 2800 होतात. तीन वर्षांच्या आत नव्या चांगल्या मशीनचे पैसे तयार असतील. घसारा हा शब्द कारखानदाराच्या ताळेबंदात असतो, कारण यंत्र एक दिवस संपणार हे त्याने आधीच धरलेलं असतं. आपल्याकडे यंत्र संपतं तेव्हा अचानक संपतं, आणि मग सावकार असतो किंवा काळा टेप असतो. ही तरतूद आधी करणं म्हणजे पुढच्या वेळचा निर्णय नाइलाजाच्या हातून काढून घेणं.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. कोसंबीत भदंत आनंदांना राण्यांनी पाचशे चीवरं दान दिली, तेव्हा उदेन राजाने विचारलं, एवढ्या चीवरांचं तुम्ही करणार काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरं जीर्ण झाली आहेत त्यांना देऊ. आणि जीर्ण झालेली? त्यांची अंथरुणावरची आच्छादनं होतील. ती जुनी झाली की गादीची खोळ, मग जमिनीवरचं अंथरण, मग पायपुसणं, मग झटकणं, आणि शेवटी चिंध्या मातीत कालवून जमीन लिंपायची. हा प्रसंग काटकसरीचा म्हणून सांगितला जातो. मला त्यात दुसरीही गोष्ट दिसते. त्या साखळीत विरलेलं चीवर पुन्हा चीवर म्हणून दुसऱ्या भिक्खूच्या अंगावर चढवलेलं नाही. त्याला नवं मिळालं, आणि जुन्याला त्याच्या ताकदीचं दुसरं काम मिळालं. आमचं जळकं आर्मेचर आता टेबलावर आहे. शनिवारच्या वर्गात त्यावरून मोटर शिकवतात.

मित्रांनो, दुरुस्ती आणि चालवून घेणं यांतला फरक साधा आहे. काम झाल्यावर वस्तू पहिल्या दिवसाइतकी सुरक्षित झाली असेल तर ती दुरुस्ती. तिची कमतरता माणसाच्या अंगावर ढकलून ती चालू ठेवली असेल तर ते चालवून घेणं. पहिल्याला कौशल्य लागतं, दुसऱ्याला फक्त समोरचा माणूस स्वस्त असावा लागतो. तुमच्या मंडळात, विहारात, वाचनालयात एखादं जुनं मशीन असेल तर या रविवारी ते उघडा. पोरींनाही बसवा. आत काय आहे ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की ‘चप्पल घालून चालव’ म्हणणाऱ्याला उत्तर देता येतं.

जय भीम!